इंजिन थंड होईपर्यंत

हनीफ : रुपचंदभाऊ, हात काढा आधी. फोन स्पीकरवर टाका आणि सांगा, इंजिन गरम आहे का?

रुपचंद : गरमच असणार. हायवेच्या फाट्यापासून गचके खात आत्ता परत आणली. तुम्ही डिकीत ठेवलेले नवे प्लग सापडलेत, पानाही लावलाय. पहिला प्लग हलेल असं वाटतंय.

हनीफ : पाना काढा. गरम इंजिनातून प्लग ओढला तर आतले आटे घेऊन बाहेर येतो. मग माझ्या गॅरेजातही ती गाडी चालू व्हायची नाही. पाऊण तास थंड होऊ द्या.

रुपचंद : मे महिन्यात एरंडोलात दुपारी काय थंड होतं, हनीफभाई? माठातलं पाणी कोमट झालंय. साडेतीनच्या आत जळगावला सेंटरवर पोचलो नाही, तर कमलचं मशीन दुसऱ्या पेशंटला देतील. शुक्रवारचं डायलिसिस आधीच चुकलंय तिचं. पाय सुजून खांबासारखे झालेत.

कमलबाई : फोनवर माझे पाय दाखवता का त्यांले? त्यांच्या घरी आज लगीन शे. सोडा त्यांले.

हनीफ : निकाहला वेळ आहे, वहिनी. आमच्या नवरदेवाला, शेहजादला, त्याचे दोस्त सजवून राहिलेत, मी मंडपाबाहेर उभा आहे. भाऊ, अँब्युलन्सचं काय झालं?

रुपचंद : अपघातावर गेलीय, दोन तास म्हणाले. गल्लीतल्या होत्या तेवढ्या बठ्ठ्या गाड्या तुमच्या बारातीबरोबर धुळ्याला. एसटीची पायरी तिला चढवत नाही. आता मी काय करू, ते तुम्हीच सांगा.

हनीफ : थांबा, एवढंच सांगतो.

रुपचंद : मला नाही थांबता येत. गिरणीचा अडकलेला दगड मी एका झटक्यात सोडवायचो. हा एवढासा प्लग…

कमलबाई : अहो. अहो, हात भाजला ना. दाखवा इकडं. दोन बोटांवर फोड आले. राहू द्या आता. एक दिवस नाही गेलं तर काय व्हई?

रुपचंद : एक दिवस? आणि शुक्रवार कुठं गेला? त्या दिवशी सेंटरचं मशीन बंद पडलं नसतं, तर आज ही वेळ आली नसती.

हनीफ : मशीन बंद होतं? मी शुक्रवारी सकाळीच प्लग बदलायला येणार होतो, भाऊ. वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, उद्या गाडी लागणार नाही, तुम्ही लग्नाची कामं करा.

रुपचंद : कधी आला फोन?

हनीफ : गुरुवारी. माझं काही चुकलं का?

रुपचंद : गुरुवारी. कमल, मशीन शुक्रवारी बंद पडलं आणि तुला गुरुवारीच कळलं होतं?

कमलबाई : मशीन चालू होतं. येत नाही म्हणून मीच सेंटरवर कळवलं, आणि तुम्हाले मशीन बंद शे म्हणून सांगितलं.

रुपचंद : का?

कमलबाई : थकनी मी. चार वर्षं झाली. सुया टोचून टोचून डावा हात माझा राहिला नाही. माझ्यापायी तुम्ही गिरणी विकली. म्हटलं, एक शुक्रवार सोडून पाहू.

रुपचंद : सोडून काय पाहायचं होतं तुला? काय होतं ते डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलंय तुला.

कमलबाई : म्हणूनच.

रुपचंद : मला विचारलं नाहीस. मंगळवार आणि शुक्रवार सोडले तर मला वारसुद्धा आठवत नाहीत आता. जळगावपर्यंत तू माझ्या शेजारी बसून बडबडतेस, गियर बदला, पुढं म्हैस आली, एवढं जोरात नको. मी मुद्दाम हळू चालवतो, कमल. मला भीती वाटते गं. शुक्रवारपासून तुझा श्वास मोजत जागा आहे मी.

हनीफ : भाऊ, मी ठेवू का फोन?

रुपचंद : ठेवू नका. पाना लावतोय मी परत. आटे जाऊ द्या, हात जाऊ द्या.

कमलबाई : थांबा म्हणते ना. हनीफभाई, कूलरच्या वाऱ्यानं इंजिन थंड व्हई का?

हनीफ : होईल लवकर. पण पंप बंद करा, नुसता पंखा. गरम इंजिनावर पाणी उडालं तर तडकेल.

रुपचंद : कूलर काढला तर तू खाटेवर बसूही शकणार नाहीस.

कमलबाई : माझ्यापुढून काढा तो. मी सुपानं वारा घेते. उचला.

(अर्ध्या तासाने. कूलर अंगणात, बॉनेटसमोर. फोन पुन्हा लावलेला.)

हनीफ : बोट टेकवून बघा. चटका बसतो?

रुपचंद : नाही. कोमट आहे.

हनीफ : आता एका प्लगची वायर काढा. तो बदला, वायर लावा, मगच दुसरा. तिन्ही एकदम उपटू नका, वायरींची अदलाबदल होईल.

रुपचंद : निघाला पहिला. काळा कोळसा झालाय.

हनीफ : नवा नुसत्या बोटांनी फिरवत बसवा. पाना शेवटी, जरासाच.

रुपचंद : तिरका जातोय. फोडांमुळे बोटांना काही कळत नाही. चारदा झालं. पान्यानं दाबतो.

हनीफ : नका, भाऊ. तिरका दाबला तर सगळं संपलं.

रुपचंद : सव्वादोन झालेत.

कमलबाई : सरका.

रुपचंद : तू कशाला उठलीस? उभं राहवत नाही तुला.

कमलबाई : उजवा हात चांगला शे माझा. घरात सुईत दोरा कोण ओवतं? द्या तो प्लग.

हनीफ : वहिनी, आधी थोडा उलटा फिरवा. आत बसल्याचं बोटांना कळेल, मग सुलटा.

कमलबाई : हं. बसला. जातोय आता, सरळ जातोय.

रुपचंद : बस आता खाली. ओठ निळे पडलेत तुझे.

कमलबाई : दम घेते थोडा. तोवर तुम्ही दुसरा काढा.

हनीफ : सावकाश, वहिनी. घाई नाही.

कमलबाई : घाई शे, हनीफभाई. द्या.

रुपचंद : दुसरा झाला. हा शेवटचा, कमल. माझ्या खांद्याला धर. हां. पाना मी लावतो आता. जरासाच, हनीफभाई, जोर नाही लावला. वायर लागली. चावी देतो… नाही. परत देतो. झाली चालू. हनीफभाई, ऐकू येतंय?

हनीफ : येतंय. गचका नाही. निघा आता, बोलत बसू नका.

रुपचंद : पावणेतीन. अर्धा रस्ता खोदलेला आहे. मशीन देऊन टाकतील ते दुसऱ्याला.

कमलबाई : शेहजादला आमचा आशीर्वाद सांगा, हनीफभाई. ठेवा आता. अहो, फोन इकडं द्या, तुम्ही गाडी काढा.

रुपचंद : कोणाला करतेस?

कमलबाई : सेंटरला. त्या दिवशी येत नाही म्हणून मीच सांगितलं होतं. आता निघाले म्हणून सांगते.