मॅनेजरचा पाय

हाडवैद्याच्या ओसरीवर केराबाई मुरगळलेलं मनगट पदरात धरून बसल्या होत्या. शेजारी सुजलेला पाय पसरून शिवशरण, आणि त्याची बायको रुद्राणी. रुद्राणी बोलायची थांबत नव्हती आणि केराबाईंचं मनगट दुखायचं थांबलं होतं.

"गिरणीनं तुमाला फुटबॉलच्या टीमचं मॅनेजर केलं, ते पोरांना लिंबं वाटायला. खेळायला न्हाय."

"मी कुटं खेळलो?"

"मग बॉलला लाथ कुणी मारली? चपलेनं!"

"बॉल रेघेजवळनं चालला हुता. आपलं पोरगं धावंना. पाय आपसूक गेला की."

"आन चप्पल गेली गोलात."

"बॉलबी गेला."

"पंचानं गोल धरला का? उलट तुमालाच भायेर काढलं. सगळं पार्क मैदान हसलं."

"समदी न्हाय हसली. जुनी मानसं वरडली, 'मार शिवशरन!' लई वर्सांनी ऐकलं."

"केराबाई, या आत," वैद्यांनी हाक मारली.

"पुढच्याला घ्या. माझं मनगट कुटं पळून चाललंय?"

रुद्राणीचं चालूच होतं, "परत आत पाय पडला तर मॅनेजरकी काढून घेतो म्हनलेत गिरणीचे सायेब. मग मैदानात तरी कोन घेईल तुमाला? सिद्धेश्वराची शपथ घ्या, खुर्चीतनं उठनार न्हाय."

"शपथ नगं. खुर्ची लांब ठेवायला सांगतो. बॉल पोचनार न्हाय इतकी लांब."

रुद्राणीनं त्याचा सुजलेला पाय अलगद मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली,

"अवो, पायाला कसा लागला बॉल?"

"पयल्यासारका."