गोड्या पाण्यानं धुतलंत का?

नाही, तुम्हीच सांगा मला, मेलेल्या माणसानं दर रविवारी दुपारी चार वाजता चौकशी करायची म्हणजे काय? माणूस जेवून जरा लवंडलेला असतो, बायको सिंधू आत भांडी आवरत असते, टाउनशिपच्या नळाला पाणी यायची वेळ होते, आधी नुसती हवा सुटते, घर्रर्र... फुस्स... आणि त्या हवेतून, अगदी कानाशी, रत्नागिरीच्या हेलात, "जावईबापू, गोड्या पाण्यानं धुतलंत का?" घाम फुटतो हो! भोपाळच्या जानेवारीत घाम!

अण्णा. माझे सासरे. हयातभर शाळेत मास्तर, आणि उरलेला वेळ खडकावर गळ टाकून बसणार. जीव सगळा त्या गळाची दोरी गुंडाळायच्या रिळात! बोटीवरच्या कुठल्याशा भाच्यानं आणून दिलेलं, हँडल फिरवलं की टिकटिकटिक असं गोड बोलायचं. गेल्या मे महिन्यात सुट्टीला गेलो, तर निघताना म्हातारा ते रीळ माझ्या हातात ठेवतो! "माझे गुडघे गेले. तुमच्या भोपाळात एवढा मोठा तलाव, सिंधूला घेऊन बसा काठावर. फक्त पोचलात की आधी गोड्या पाण्यानं धुवा, कालच खाऱ्या पाण्यात भिजलंय. मीठ आतनं खातं, बाहेर पत्ता लागू देत नाही." मी म्हटलं, अण्णा, मला सांगता? मी मेन्टेनन्सचा माणूस! एवढा मोठा सरकारी कारखाना, त्यातली यंत्रं माझ्या जिवावर फिरतात!

घरी आलो आणि पिशवी टाकली माळ्यावर. शेजारचा दिगंबर, ग्वाल्हेरचा, त्याची मराठी म्हणजे अर्धी हिंदीच, तो म्हणतो, "अरे भाऊ, टेन्शन कशाला घेतोस! भोपाळमध्ये समुंदर आहे कुठे? इथे जंग लागायचा सवालच नाही!" आणि मला पटलं हो! दोन इंजिनियर, दोघं मिळून सत्तेचाळीस वर्षांची नोकरी, आणि मीठ आपण तिकडनं बरोबरच आणलंय हे एकालाही सुचू नये?

मग फोन सुरू. कारखान्यात काही बंद पडलं तर बोलवायला म्हणून मला घरी फोन दिलेला, पण वाजवायचे अण्णाच. दर रविवारी चारला, नाक्यावरच्या एसटीडी बूथमधनं, ओरडून. "जावईबापू, गोड्या पाण्यानं धुतलंत का?" "हो हो, धुतलं!" "बरं... सिंधू आहे?" "देतो." संपलं बोलणं. जून, जुलै, ऑगस्ट... धुतलं, धुतलं, धुतलं! आणि गणपतीच्या आधी एका मंगळवारी मेहुण्याचा फोन. जयंत नुसता रडतोय. अण्णा झोपेतच गेले.

दिवसकार्य उरकून परत आलो, पहिलाच रविवार, चार वाजले, नळ घरघरला... आणि तेव्हापासून हे चालू! काय काय नाही केलं मी! नळाचे वॉशर बदलले. दुपारची झोप सोडली, तर जागेपणी ऐकू यायला लागलं. चारला घराबाहेर पडून इंद्रपुरीच्या बाजारात जाऊन उभा राहिलो, तर भाजीवाल्यानं पालकावर पाणी शिंपडलं, आणि त्या शिंपडण्यातनं... गोड्या पाण्यानं धुतलंत का? सिंधूला सांगायची तर सोयच नाही. काय सांगू? तुझ्या बापाशी तीन महिने खोटं बोललो म्हणून?

शेवटी सिंधू भिशीला गेलेली बघून पिशवी काढली. अहो, हँडल हलेना! वर पांढरे पापुद्रे, स्क्रूंवर हिरवं, आत बेअरिंग तांबडीलाल. म्हाताऱ्यानं वीस वर्षं जपलं, मी आठ महिन्यांत मारलं! मग बसलो. पंधरा दिवस, सिंधूचा डोळा चुकवून. सगळं खोललं, रॉकेल, जुना दातांचा ब्रश, मग गोडं पाणी. तेही धो धो नाही, जोरानं मीठ आणखी आत जातं, बारीक धार धरायची. सावलीत वाळवायचं, तेलाचा एकेक थेंब, ग्रीसचं नुसतं बोट. दोन बेअरिंगा तर स्टोअरमधल्या नीळकंठच्या हातापाया पडून शोधल्या. आणि एका शनिवारी फिरलं! टिकटिकटिक! मी एकटाच खोलीत ओरडलो, "धुतलं हो अण्णा! देवाशप्पथ धुतलं!"

रविवार आला. चार वाजले. नळ घरघरला. आणि... पाणी आलं. नुसतं पाणी.

सुटलो म्हटलं! पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या... आता तुम्हाला सांगतो, हसू नका. घर खायला उठलं हो. चार वाजले की मी नळाशी कान लावून उभा. कोणीतरी माझी चौकशी करत होतं, आता तेही बंद! मलाच अण्णांची एवढी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं. काल शनिवार. गेलो स्वयंपाकघरात, बादलीत पाणी घेतलं, मिठाचा डबा काढला...

"मीठ कशाला?" दारात सिंधू.

सांगितलं सगळं. फोन, खोटं, नळ, सगळं. म्हटलं, आता ही रडेल नाहीतर माहेरी जाईल. तर ही शांतपणे म्हणते, "मला माहीत होतं. अण्णांनाही माहीत होतं, मीच सांगितलेलं."

"म्हणजे? मग दर रविवारी विचारायचे कशाला?"

"मला म्हणायचे, जावयाशी बोलायला मला दुसरं काही सुचत नाही गो. त्यानं धुतलं असतं, तर काय विचारलं असतं?"

मी खालीच बसलो. तिनं डोळे पुसले, माझ्या हातातला डबा काढून घेतला, आणि फळीवरनं दुसरा दिला. "हे खडेमीठ घ्या. आणि रविवारी संध्याकाळी नीट धुऊन ठेवायचं, अण्णांचं आहे ते."

तर असं आहे. उभ्या कारखान्याचा गंज काढणारा मी, काल चांगलं रीळ खारवलं, आज संध्याकाळी धुणार. आज चारला नळ घरघरला. सिंधू माझ्या शेजारी येऊन उभी. आणि आला आवाज... "जावईबापू, गोड्या पाण्यानं धुतलंत का?"

म्हटलं, "नाही हो अण्णा. राहिलंच."