निळा केरबा

मंडळी, एक सांगा! आरसा खरा, फोन खरा, की घरचं माणूस खरं? — फोन म्हणालात? शाबास! मग ऐका.

आमच्याकडं केरबा मोहिते म्हणून गडी. गालावर उठला फिकट चट्टा. बायको हौसाबाई म्हणाली, "धनी, डॉक्टरीणबाईंना फोटो धाडा." केरबानं नव्या फोनवर फोटो काढला. आता तो फोन कसला? माणूस गोरा करणारा! डाग पुसणारा! केरबा दिसला नवरदेवासारखा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चट्टा कुठाय? छान तर आहे!"

केरबा खूश. "बघ! फोनमध्ये नाही, म्हणजे नाहीच!"

हौसाबाईला पटेना. दुसऱ्या दिवशी केरबा गोठ्यात धार काढत होता. तिनं आपल्या जुन्या फोनवर फोटो काढला, धाडला. पण गोठ्यावर ताडपत्री होती निळी! तिच्यातनं आलेला उजेड निळा — केरबाही निळा!

लगेच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, माणूस निळा पडलाय! श्वास घेतोय का?"

"घेतोय की! म्हशीला शिव्या देतोय!"

"तरी आणा! आत्ताच्या आत्ता!"

झालं! गाव धावला. केरबाला बाजेवर बांधला! "अरे, मी धडधाकट आहे!" — "निळी माणसं असंच म्हणतात, गप पड!" धार राहिली, म्हैस हंबरतेय, आणि वरात निघाली दवाखान्याला!

दवाखान्याच्या अंगणात लख्ख ऊन. बाईंनी पाहिलं. कसला निळा? चांगला सावळा गडी! बाई हसायला लागल्या... आणि हसता हसता थांबल्या. गालाकडं बघत राहिल्या.

"डोळे मिटा. कापूस कुठं लागतोय, सांगा."

"लावा की मग!"

मंडळी, बाई केव्हाच्या लावत होत्या हो!

बाई म्हणाल्या, "कुष्ठरोगाची सुरुवात दिसतेय. घाबरू नका, वेळेत आलात. गोळ्या पुऱ्या घेतल्या की बरा होतो."

बाज उचलणारे चार पावलं मागं सरले. केरबानं मान खाली घातली. आणि हौसाबाई? पुढं झाली! सगळ्यांसमोर त्याच्या गालावर हात ठेवला.

"कळतोय का हात?"

"न्हाई गं."

"नसू दे. मला कळतोय गाल. चला घरी, म्हस खोळंबलीय."

केरबानं गोळ्या नेमानं घेतल्या. बरा झाला!

मंडळी, एका फोननं त्याला गोरा केला, एकानं निळा. दोन्ही खोटे! चट्टा दिसला तो उन्हात, उघड्या डोळ्यांना. आणि तुम्ही? — अहो, मागच्या रांगेतले, फोटो कसले काढताय माझे? ठेवा ते खाली! शेजारी तुमचं माणूस बसलंय. त्याच्या तोंडाकडं उजेडात शेवटचं कधी पाहिलंत? आठवत नाही ना? मग वळा... बघा!