माकूळ दिवसा धरतात

—घाई कसली, मुकादम? बसा त्या टायरवर. तो नको, त्यात पाणी साचलंय, हा घ्या. घाईत लावलेलं ठिगळ पुढे डेडियापाड्याच्या घाटात सुटतं, मग तिथे कोण शोधणार पंक्चरवाला? तुमची माणसं समोर भजी खातायत, ड्रायव्हर पण तिथेच — खाऊ द्या. माझं मराठी जरा शाळेतलं वाटेल, तुम्ही डहाणूकडचे म्हणून बोलतोय, घरी आमचं वेगळंच चालतं. तर माकूळ धरायला नेताय यांना. दिवसाची माकूळ. रात्री दिवे लावून धरतात ती सगळ्यांना माहीत, पण दिवसाचं काम निराळं — हो, मला माहीत आहे. अक्कलकुव्याच्या पंक्चरवाल्याने समुद्र कुठे बघितला, असंच ना? बघितलाय. हा रस्ता रुंद झाला तेव्हा माझी टपरी उचलली, घरात बायको, नईमा, रोज भांडी आपटायची, तेव्हा एक हंगाम गेलो. इंजिन बघायला. त्याच शेठच्या होडीवर, ज्याच्याकडे तुम्ही यंदा लागलात. मागचा मुकादम दुसरा होता, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही.

सुरूच्या फांद्यांचा भारा बांधायचा, दगड लावून बुडवायचा, तीन-चार पुरुष खोल पाण्यात. माकूळ तिथे अंडी घालायला येते. पांढरी, शेंगांसारखी, फांद्यांना लोंबत असतात. मग वर होडी नांगरायची, ऊन डोक्यावर आलं की होडीची सावली भाऱ्यावर पडते, माकूळ त्या सावलीत येऊन थांबते, आणि आपण वरून तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, सोडायची — टोकाला रबरी कोळंबी, गुलाबी नाहीतर हिरवी, शेपटीला गळांचा झुपका. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक दारातच धरावी तसं ते काम आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं हे बरं नाही, पण कोण ऐकतो, पोट सगळ्यांना. वर ओढली की ती शाई फेकते, तोंडावर, कपड्यांवर, फळ्यांवर. बादल्या ओतून होडी धुवायची, की बाजूचं पाणी सगळं काळं. आणि गळ अडकतात, फांद्यांत. दहा वेळा टाकला की एकदा अडकतोच. तंगूस तोडली तर शेठ बोंबलतो. म्हणून बुडी मारणारा हवा. म्हणून तुम्ही समुद्र सोडून आमच्या तापीकाठच्या प्रकाशा गावाला येता माणसं शोधत, बरोबर ना?

प्रकाशाची माणसं पाण्यात चांगली, यात खोटं नाही. यात्रेकरू तापीत नाणी टाकतात, नारळ सोडतात, आणि ही माणसं बुडी मारून काढतात, बापाच्या बापापासून. कोणी बुडालं की पोलीस पण यांनाच बोलावतात. पण त्यांची एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. नदी वाहती. धरणाचे गेट उघडले की तर विचारूच नका. माणूस घाटाच्या पायरीपाशी बुडतो आणि वर येतो लांब खाली, स्मशानाच्या अंगाला. म्हणून काठावरचे लोक बुडीच्या जागी बघतच नाहीत, प्रवाहाच्या दिशेला, खालच्या अंगाला बघत उभे राहतात. लहानपणापासून मान तिकडेच वळते. बायकासुद्धा कपडे धुता धुता तिकडेच बघतात. बुडीच्या जागी बघितलं तर अपशकुन मानतात. — चहा सांगू? सांगतोच. अहो, होतंय, ट्यूब पाण्यात घातलीय, दिसतंय ना तुम्हाला?

भटू नाव त्याचं. माझ्या दुकानात यायचा, मोटरसायकल घेऊन, हवा भरायला, असाच ओळखीचा झाला. मी जातो म्हटल्यावर तो पण निघाला, आणि त्याचा धाकटा भाऊ पण. धाकटा म्हणजे पोर नाही, लग्न झालेला, बायको चेतना, धानोऱ्याची. भटू बुडी मारायचा, धाकटा वर तंगूस धरायचा, मी इंजिनापाशी. मजेत चाललं होतं, खरं सांगतो. भटू वर आला की भावाच्या अंगावर चूळ मारायचा आणि दोघं हसायचे, शेठचा माणूस ओरडायचा, हे आणखी हसायचे.

त्या दिवशी माकूळ फार लागली. सगळ्यांच्या तंगशी खाली, दोन-तीन अडकलेल्या. भटू गेला सोडवायला. नुकतीच होडी धुतलेली, पाणी काळंभोर, खाली हात दिसेना. आम्ही थांबलो. जरा जास्तच थांबलो. तांडेल, होडी चालवणारा, वाकून होडीखाली बघायला लागला, तोच धाकटा म्हणाला, "आठे काय देखी ऱ्हायनात? तिकडे खाले देखा. तापीना शे तो, तठे निंघी." खालच्या अंगाला निघेल, असं इतक्या विश्वासाने म्हणाला की सगळ्यांच्या माना वळल्या. ओहोटी लागलेली होती, पाणी वाहतही होतं तिकडे, पटलं सगळ्यांना. आम्ही सगळे लांब बघतोय. उन्हात पाणी चमकतंय, काही काळं दिसलं की कोणीतरी बोट दाखवतो. आणि तो आमच्या पायाखाली, भाऱ्यात. सदरा गळांत गुंतलेला. समुद्र नदीसारखा नेत नाही हो माणसाला. जिथे अडकला तिथेच ठेवतो.

त्याची चूक? नाही. कोण म्हणेल चूक? प्रकाशाचा कोणीही माणूस तेच बोलला असता. कौसाबाई, त्यांची आई, ती पण घाटावर असती तर खालीच बघत राहिली असती, मी तिला तसं सांगितलंसुद्धा. पण धाकटा ऐकत नाही. दरवर्षी जातो. त्याच शेठकडे, त्याच होडीवर. आता तोच बुडी मारतो, म्हणे भाऱ्याखाली जाऊन बसतो, गळ सोडवून झाले तरी वर येत नाही लवकर. गेल्या वर्षी नाकातून रक्त आलं. तुमच्या जीपमध्ये मागच्या सीटवर होता, निळा शर्ट — तोच. भाग्येश. तुम्ही म्हणाल तो आपल्या पायाने आला, मी कुठे ओढला? खरं आहे. आपल्या पायानेच आला. सकाळी चेतनाचा फोन होता मला, रडत होती. काका, जीप तुमच्या दुकानावरूनच जाईल, या खेपेला गेला तर तो येणार नाही, त्याला उतरवा. आता मी काय करणार सांगा? रस्त्यात आडवा पडू?

हां, बघा तुम्हीच. फिरवली सगळी ट्यूब. बुडबुडा आहे कुठे? नाही. पंक्चर नाहीच, मुकादम. तुमचा ड्रायव्हर नुसती हवा बघायला थांबला होता, मीच म्हटलं पंक्चर आहे आणि चाक काढलं. रागावू नका. बसा. आता चिडून काय होणार, चाक माझ्या हातात आहे. माणसं भज्यांना निघाली तेव्हाच मी भाग्येशला बाजूला घेऊन सांगितलं, शहाद्याची गाडी येते, चढ, मी मुकादमाला बोलण्यात ठेवतो, मग तळोदा, प्रकाशा, घर. मान हलवली त्याने. ती बघा, गेलीच बस, आत्ता हॉर्न वाजला ना, तीच. रस्त्याला पाठ करूनच बसलोय मुद्दाम, मी बघितलं की तुम्ही बघाल म्हणून. झालं. गेला तो. तुम्हाला दुसरा मिळेल, नाही मिळाला तर शेठला सांगा अक्कलकुव्याच्या जहीरने पळवला, खुशाल नाव सांगा.

ट्यूब परत टायरात घालून हवा भरतो, तोवर ऐका. तुम्ही भला माणूस दिसता, एवढा वेळ ऐकून घेतलं, म्हणून सांगतो, का पळवला. इतकं ओझं तो वाहतोय ते एका शब्दाचं. खाले देखा, एवढ्याच एका शब्दाचं. ते माणूस वाहू शकतो, रडतखडत का होईना. पण बाकीचं त्याला ठाऊक नाही. भटूला वर काढला तेव्हा भाग्येशला दोघांनी मागे धरलं होतं, मी पक्कड घेऊन पुढे झालो. सदऱ्यात एकच कोळंबी रुतली होती. हिरवी. हिरवी एकच जण वापरायचा होडीवर, बाकी सगळ्यांच्या गुलाबी. भाग्येशचीच तंगूस ती. आणि खालून तंगशीला झटके बसत होते त्याच्या हातात, मी बघितलं होतं, तो लांब बघत होता आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होता, मोठी लागलीय, थांब, दादा वर आला की ओढू. मी ती पकडीने तोडली आणि पाण्यात टाकली. कोणी बघितलं नाही. नईमाला पण बोललो नाही आजवर. तुम्ही तिकडचे, तुम्ही उद्या विसराल, म्हणून तुमच्यापाशी. अशा माणसाला परत त्या भाऱ्यावर कसं जाऊ द्यायचं? कोणीतरी कधीतरी हिरव्या कोळंबीची गोष्ट काढली तर —

काय झालं? माझ्या मागे काय बघताय?

भाग्येश.

तू गया नही? बस तर गई ना, मीनी आयकी — कव्हयपासून उभा शे तू आठे? हाऊ मुकादम... मी असंच बोली ऱ्हायनू, याला उगाच थांबवायला, गोष्ट रचून. खोटं शे ते. ऐक. भाग्येश, ते चाक ठेव खाली. तू नको लावू, मी लावतो. अरे, ठेव. चेतना वाट बघी ऱ्हायनी तुन्ही. — नट कशाला कसतोस, मी देतो ना, पुढची गाडी आहे संध्याकाळची, तोवर घरी चल, नईमाने — जीपमध्ये नको बसू. भाग्येश.

मुकादम, तुम्ही तरी काही बोला.