दादाच्या कॉम्प्युटरने खाल्लेली मिरची

कॉम्प्युटरला मिरची लागते हे मला गेल्या मे महिन्यात कळलं.

दादाने पगारातून जमवून गेमिंगचा कॉम्प्युटर जुळवला होता. "खेळ हवं तेवढं, पण उघडायचा नाही. उघडलास तर पुन्हा हात लावू देणार नाही," असं त्याने बजावलं होतं. आणि तो अचानक हँग व्हायला लागला. गेम ऐन रंगात आला की चित्र थिजायचं. गेम काढून पुन्हा टाकला, तरी तेच. माझ्याच हातून बिघडला असं वाटून मी ते दादापासून लपवलं.

आमच्या चाळीत खाली तात्यांचा डंख, म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरण, आहे. ते आईचा मसाला द्यायला वर आले आणि दारातच थबकले.

"काय गो, हा एवढा घरघरतो कशाला?"

मी चाचरत सगळं सांगितलं.

"दम कोंडलाय त्याचा. मिरचीच्या दिवसांत माझी मोटर पण अशीच तापून बंद पडते. प्लग काढ."

त्यांनी बाजूचा पत्रा उघडला. आतला पंखा लालभडक! तात्यांनी कॉम्प्युटर गॅलरीत नेऊन डंखावरचा ब्लोअर मारला, आणि अख्खा मजला शिंकायला लागला. त्यानंतर कॉम्प्युटर दोन तास न थांबता चालला.

संध्याकाळी दादा आला, त्यालाही शिंक आली. त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"कोणी उघडला हा?"

तेवढ्यात मसाल्याचा रिकामा डबा न्यायला आलेले तात्या दारातून म्हणाले,

"मी. माझी मिरची आत राहिली होती, ती काढून नेली."