नाव बदललेला तांडा

मुक्ताताई आणि मॅडमच्या घरची मंडळी, कॉलेजातले सहकारी आणि तांड्यावरून आलेल्या माझ्या माणसांनो, आज बोलणं जड जातंय. पण मॅडमबद्दल आमच्यापैकी कोणीतरी बोलायला पाहिजे, म्हणून उभा राहिलो.

सुनंदा मॅडमनी मला समाजशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं होतं. जुन्या जनगणनेतली आपल्या जिल्ह्यातली गावं पुढच्या जनगणनांमधल्या गावांशी जोडायची. कोणतं वाढलं, कोणतं ओस पडलं, ते त्यावरून कळतं. मीही त्यांच्या हाताखाली होतो.

घाटंजीकडचा एक तांडा जुन्या नोंदीत होता, पुढच्या नोंदीत नव्हता. आम्ही लिहिलं, ओस पडला. या कामावरचा लेख छापायला जाणार होता. मॅडम म्हणाल्या, "एवढी माणसं गेली कुठं?" आणि मला घेऊन तिकडे निघाल्या.

झमकूयाडी, त्या तांड्यातल्या सगळ्यांच्या आई, तुम्ही समोर आहात. तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, "आमी कुठी नाही गेलो बाई. विहीर आटली, म्हणून नाल्याच्या पल्याड आलो. नायक बदलला, तसं नव्या नायकाच्या नावावरून तांड्याचं नाव बदललं."

परतताना एसटीत मॅडमनी ओस पडलेल्या गावांची यादी काढली. मग म्हणाल्या, लेख थांबवायचा. ओस म्हणून लिहिलेल्या प्रत्येक तांड्याच्या जागी जायचं.

सोबतचे नाराज झाले. एका तांड्यानं निष्कर्ष थोडाच बदलणार, असं एकानं म्हटलं. मॅडमचा आवाज चढला नाही. "जिवंत माणसांना मी नाहीशी झाली म्हणून लिहिणार नाही," एवढंच त्या बोलल्या. दोघांनी काम सोडलं. मॅडमनी सोडलं नाही. गुडघे दुखायचे, तरी काठी घेऊन यायच्या.

सगळे तांडे सापडले का? नाही. काही खरंच उठले होते. तेही त्यांनी आसपासच्यांना विचारूनच लिहिलं.

बाभुळगावकडचे तांडे तेवढे राहिलेत. दवाखान्यात भेटलो, तेव्हा ते मी करतो म्हणालो. त्यांनी माझा हात धरला.

"जा. पण उभ्या उभ्या विचारू नको. आधी त्यांच्याजवळ बस."

मी जाणार आहे, मॅडम.

मंडळी, श्रद्धांजलीला आपण उभे राहतो. आज कोणी उठू नका. शेजारच्याच्या जवळ सरका, आणि मॅडमसाठी थोडा वेळ शांत बसू या.