नारोपंतांनी वाचलेली तार

मंडळी, ऐका! आज कीर्तनात एकच प्रश्न विचारतो. माणसाला सोडायला सगळ्यात अवघड काय?

कोण म्हणालं, तंबाखू? बरोबर आहे, आवाजच गालातल्या गाठोड्यातून आला! मागून कोणी म्हणतंय, खुर्ची. बायकांच्या बाजूनं हळूच आलं — माहेर. नाही हो! तंबाखू डॉक्टर सोडायला लावतो, खुर्ची लोक ओढून घेतात आणि माहेर वहिनी सोडवते! मी म्हणतो ती गोष्ट सरणावर चढेपर्यंत सुटत नाही. तुमच्याकडे आहे, या पेटीवाल्याकडे आहे, माझ्याकडे तर गोणीभर आहे. कोणती? आधी गोष्ट ऐका.

वाघदरे नावाचं गाव. तारेचा जमाना. तार यायची इंग्रजीत, आणि गावात इंग्रजी येणारा माणूस एकच — नारोपंत! कसं येत होतं? मॅट्रिकला इंग्रजीत तीनदा नापास! हसता काय? पास होणाऱ्यानं ते पुस्तक एकदा वाचलं, पंतांनी तीनदा वाचलं. सांगा, अभ्यास कुणाचा जास्त?

चाळीस वर्षं गावच्या तारा पंतांनी वाचल्या. गाव त्यांना 'साहेब' म्हणायचं. एकदा गावात कामाला राहिलेल्या परगावच्या पोराला तार आली — 'फादर सीरियस'. पंत म्हणाले, "वडील गंभीर झालेत. सध्या थट्टामस्करी करू नकोस." पोरगा बिचारा महिनाभर घरी गेलाच नाही! म्हातारा टणक, म्हणून वाचला.

तर याच गावची कौतिका, रंभाजी पाटलाची लेक. नवरा पुंजाजी मनमाडला रेल्वेत फिटर. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं? दिवसाला सात-आठ शब्द, त्यातले दोन 'हं'! तो राहायचा चार जणांच्या खोलीत, ही सासरी. दोन वर्षं झाली, शेवटी कौतिका रुसून माहेरी आली. म्हणाली, "खोली घ्या, रजा काढा, स्वतः न्यायला या. माणूस पाठवाल तर येणार नाही."

सहा महिने गेले. रोज एसटीचा आवाज आला की हिची मान रस्त्याकडे! आणि एका सोमवारी आली तार. गाव गोळा झालं. पंतांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि वाचलं — "लीव्ह ग्रँटेड. लीव्हिंग थर्सडे. लीव्ह नथिंग. लीव्ह रेस्ट टू मी."

पंतांचा चेहरा पडला. कारण लीव्ह म्हणजे काय? सोडणे! तिन्ही वर्षं तेच पाठ केलेलं!

"रंभाजी, मन घट्ट कर," पंत म्हणाले. "जावई म्हणतो — सोडणं मंजूर झालं. गुरुवारी सोडतो. सोडलं, आता काही उरलं नाही. आणि शेवटी म्हणतो, सोड मला, मला विश्रांती पाहिजे!"

अहो, तार कसली, सोडचिठ्ठीच की! रंभाजी तापट. म्हणाला, "तो गुरुवारी सोडतो काय? गुरुवारी सकाळी नऊला पंच बसवा! त्याच्या आधी आपण काडी मोडू!" पंचांसमोर गवताची काडी मोडली की झाली फारकत, अशी तिथली रीत. एवढीशी काडी, पण मोडली की सांधता येत नाही.

कौतिका रडली नाही. मंगळवारी दुपारी पंतांच्या ओसरीवर येऊन उभी राहिली.

"पंतकाका, एकदा परत बघा ना."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

"तसं नव्हं. पण माझा नवरा तोंडातून शब्द मोजून काढतो. तो एकच शब्द चारदा कशाला लिहील? सोडायचं असतं तर एकदाच लिहिलं असतं, आणि तेबी अर्धं!"

मंडळी, बघा! अक्षर येत नव्हतं तिला, पण वाचत होती तीच! आणि पंत काय म्हणाले? "इंग्रजी तुला येतं का मला?" खालमानेनं गेली बिचारी.

पण ते 'चारदा' पंतांच्या डोक्यात कुसळासारखं रुतलं. बुधवारी दुपारी त्यांनी ट्रंकेतून डिक्शनरी काढली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! पान उघडतात तर काय — एकट्या लीव्हला दीड रकाना! सोडणे. हायसं वाटलं. पुढे — निघणे. मागे ठेवणे. सोपवणे. मृत्युपत्रात देऊन जाणे. आणि त्याच्याखाली — रजा! अरे, हा शब्द आहे की घरची मोठी सून? धुणं तिनंच धुवायचं, भाकरी तिनंच थापायच्या, वर पाहुण्यासमोर हसायचंही तिनंच!

इंग्रजीला हसू नका. आपली मराठी काय कमी आहे? उपास सोडला म्हणजे जेवला, जेवण सोडलं म्हणजे उपाशी राहिला! पाहुण्याला स्टँडवर सोडला म्हणजे नीट पोचवला. आणि बायकोला सोडली म्हणजे? पोचवली का?

पंतांनी तार पुन्हा लावून पाहिली. "रजा मंजूर. गुरुवारी निघतो. काही मागे ठेवू नकोस. बाकीचं माझ्यावर सोपव." अहो, तो न्यायला येत होता! अन् पंत काय करणार? उठून रंभाजीकडे धावले? छे! डिक्शनरी मिटली. म्हणाले, जावई येईल तेव्हा तोच सांगेल. आपण कशाला तोंड उघडायचं? पण एसटी यायची दहाला, आणि पंच बसणार नऊला. हे पंतांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं!

गुरुवार उजाडला. मारुतीच्या पारावर पंच बसले. रंभाजीच्या हातात काडी. कौतिका देवळाच्या खांबाला टेकून, मंगळसूत्र मुठीत आवळून उभी. आणि सरपंच काय म्हणतो? "या साहेब! काडी मोडायच्या आधी तार एकदा पंचांना वाचून दाखवा. तुमच्याइतकं कोणाला येतंय?"

अरे देवा! चोराच्याच हातात किल्ली!

पंतांनी कागद घेतला. समोर अख्खं गाव, चाळीस वर्षांचं 'साहेब'. त्यांनी कौतिकेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, ती रस्त्याकडे बघत होती. अजूनही! मग मात्र पंतांना राहवलं नाही.

"रंभाजी, काडी टाक," ते ओरडले. "मला इंग्रजी येत नाही!"

सरपंच म्हणाला, "थट्टा करता काय पंत?"

"चाळीस वर्षं केली. आज नाही करत."

त्यांनी खाली बसून उपरण्याखाली लपवून आणलेली डिक्शनरी उघडली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून पुन्हा अर्थ लावला. रजा मंजूर. गुरुवारी निघतो. 'काही मागे ठेवू नकोस' आलं, आणि वर बघतात तर कौतिका जागेवर नाही! ती केव्हाच घरी पळाली होती, पेटी भरायला!

दहाला एसटी आली. पुंजाजी उतरला, हातात खोलीची किल्ली. त्याला काही पत्ताच नाही. कौतिका पुढं झाली. आता रडत होती, मनसोक्त!

"पंतकाका म्हणाले, तुम्ही मला चारदा सोडलंत."

पुंजाजीनं बराच विचार केला. म्हणाला, "एकदा तरी जमलं असतं का?"

पाच शब्द, मंडळी! त्या माणसाचा त्या दिवसाचा सगळा कोटा तिथंच संपत आला!

कळलं, सोडायला अवघड काय? 'मला ठाऊक आहे!' हे तीन शब्द सुटत नाहीत हो! मुलगी एक वाक्य बोलते, तुम्ही पहिला शब्द ऐकता आणि निकाल देता. सून 'जरा' म्हणाली की तुमची काडी तयार! आणि मी? वीस वर्षं इथं उभा राहून देवाच्या मनात काय आहे ते सांगतोय. त्यानं मला कधी तार केली होती?

म्हणून आज जयजयकार राहू द्या. हात वर करा आणि देवासमोर एकदा मोठ्यानं म्हणा — मला ठाऊक नाही!

वा! बायकांचा आवाज खणखणीत आला. पुरुषांच्या बाजूनं नुसतंच खोकणं! असू द्या. देवासमोर नाही जमलं तर घरी जाऊन म्हणा. पुरतं न ऐकता ज्याला चुकीचं ठरवलंत, त्या माणसासमोर म्हणा. तो कोण, हे मला नका विचारू. मला ठाऊक नाही. पण ते मात्र तुम्हाला पक्कं ठाऊक आहे!